आपला सूर्य कोणत्या प्रकारचा तारा आहे?



या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. काही वर्षांपूर्वी सहावीच्या चाचणीत मी एक रिकामी जागा भरायला दिली होती : 'सूर्य हा ........ रंगाचा तारा आहे.' मला अपेक्षित उत्तर होते 'पिवळ्या'. एका मुलीने 'पांढऱ्या' असे लिहिले. मी त्यावर लाल फुली मारली आणि अर्धा गुण कापला. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन शिक्षक-खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सर, दुपारी बाराच्या उन्हात पांढरा कागद धरला तर तो पांढराच दिसतो. ऊन पिवळे असते तर कागद पिवळा दिसला नसता का?"

"पुस्तकात पिवळाच दिला आहे," असे सांगून मी तिला परत पाठवले. तिने निमूटपणे 'पांढऱ्या' खोडून 'पिवळ्या' लिहिले. त्या रात्री मी दोन-चार ग्रंथ काढून वाचले. तिचे म्हणणे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमोर मी तिचा अर्धा गुण परत दिला. तेव्हापासून हा धडा शिकवताना 'सूर्य असा आहे' एवढेच सांगून मी थांबत नाही. 'हे माणसाला कळले कसे' हेही सांगतो. आजचा लेख त्याच पद्धतीने लिहिला आहे.

सूर्याचा रंग

सूर्यप्रकाशात सर्व रंग मिसळलेले असतात हे लोलकाच्या प्रयोगात आपण पाहतो. हे सर्व रंग एकत्र आले की डोळ्यांना पांढरे दिसते. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर गेलेल्या अंतराळवीरांनाही सूर्य पांढराच दिसतो. सकाळी आणि सायंकाळी सूर्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात. हवेतील रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि पिवळा-तांबडा प्रकाश सरळ पुढे येतो. म्हणून उगवता-मावळता सूर्य पिवळा, केशरी किंवा तांबडा दिसतो. त्याच वेळी त्याच्याकडे पाहणे डोळ्यांना सोसते, त्यामुळे आपल्या मनात तोच रंग ठसतो आणि चित्रकलेच्या वहीतही तोच उतरतो.

मग पुस्तकात 'पिवळा तारा' का लिहितात? शास्त्रज्ञांनी ताऱ्यांची निळसर, पांढरे, पिवळे, नारिंगी, तांबडे अशी ओळ लावली, तेव्हा सूर्य ज्या गटात आला त्या गटाला 'पिवळा' हे नाव पडले. ते गटाचे नाव आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाचे ते वर्णन नव्हे. पुस्तक खोटे नव्हते, पण मी त्याचा अर्थ नीट समजून घेतला नव्हता.

रंगावरून तापमान

लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना तुम्ही पाहिले असेल. ते आधी तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे. फारच तापले तर पांढरट दिसू लागते. ताऱ्यांचेही असेच आहे. तांबडा तारा त्यातल्या त्यात थंड आणि निळसर तारा सर्वांत तप्त. घरातल्या नळांवर तांबडी खूण गरम पाण्याची व निळी थंड पाण्याची असते, ताऱ्यांत मात्र बरोबर उलट!

हिवाळ्यात मृग नक्षत्र पाहा. त्यातील काक्षी हा तारा तांबूस आहे. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस आहे. त्याच नक्षत्रातील राजन्य निळसर पांढरा आहे आणि त्याचे तापमान सुमारे १२,००० अंश आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश, म्हणजे दोघांच्या मधले.

अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन या विदुषीने ताऱ्यांच्या वर्णपटांचे फोटो तपासून त्यांची वर्गवारी केली. त्यांना ऐकू जवळजवळ येत नव्हते, परंतु आयुष्यभरात त्यांनी सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचे वर्ग ठरवले. अतितप्त ताऱ्यांपासून थंड ताऱ्यांपर्यंत त्यांनी लावलेला क्रम आजही चालतो. तो असा :

ओ – अतिशय तप्त, निळे; असे तारे फार तुरळक
बी – निळसर पांढरे, राजन्य, चित्रा
ए – पांढरे, व्याध, अभिजित
एफ – पिवळसर पांढरे, ध्रुव
जी – 'पिवळे', आपला सूर्य
के – नारिंगी, रोहिणी, स्वाती
एम – तांबडे, काक्षी, ज्येष्ठा

प्रत्येक वर्गाचे ० ते ९ असे दहा भाग करतात. शून्य म्हणजे त्या वर्गातील सर्वांत तप्त. सूर्य 'जी २' आहे, म्हणजे जी वर्गातील तप्त बाजूचा. त्यापुढे रोमन अंकात एक ते पाच असा आणखी एक आकडा लिहितात. एक म्हणजे महाराक्षसी तारा, तीन म्हणजे राक्षसी तारा आणि पाच म्हणजे बटू तारा. सूर्याला रोमन पाच हा अंक मिळाला आहे. तो इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसत असल्याने सूर्याचा पूर्ण प्रकार 'जी २ व्ही' असा वाचतात. हेच आपल्या मथळ्यातील प्रश्नाचे थोडक्यात उत्तर.

सूर्य कशाचा बनला आहे?

सूर्यावर जाऊन कोणी माती आणलेली नाही. मग त्यातील द्रव्ये कशी ओळखली? याचे एक उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. मीठ घातलेल्या वरणाचे पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले की निळी ज्योत क्षणात पिवळीधमक होते. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर ठरावीक रंगांचाच प्रकाश देते, आणि वर्णपटात त्या रंगांच्या जागी रेषा दिसतात. माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या या रेषा असतात. एकाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत.

१८१४ मध्ये जर्मनीतील फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा पाहिल्या व त्यांच्या जागा मोजल्या. १८५९ मध्ये किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी त्यांचा अर्थ लावला. सूर्याच्या वरच्या थरातील वायू आपापल्या ठरावीक रंगांचा प्रकाश शोषून घेतात, म्हणून त्या जागा काळ्या दिसतात. काळ्या रेषांवरून सूर्यात सोडियम, लोह इत्यादी मूलद्रव्ये आहेत हे कळले.

जमखंडीत मांडलेली दुर्बीण

या शोधाचा एक धागा आपल्या बेळगावच्या शेजारून गेलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा गेला. त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानात असलेल्या जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी वर्णपट पाहण्याची उपकरणे मांडली होती. युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे ते नातू. पावसाळ्याचे दिवस, आकाशात ढग धावत होते. तरी मिळालेल्या मोजक्या क्षणांत सूर्याच्या कडेला उसळलेल्या ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. गुंटूर येथे फ्रान्सचे जान्सेन यांनीही तेच पाहिले. अशा रेषा दिसल्या म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे नक्की झाले.

यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या जागेजवळ होती, पण तंतोतंत त्या जागी नव्हती. ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहण नसतानाही त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि ही रेषा पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नाही असे ठरवले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या मूलद्रव्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमझे यांना. म्हणजे आधी सूर्यावर आणि मग पृथ्वीवर!

लॉकियर यांनी हा शोध १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला असे आपल्याकडे पुष्कळदा सांगतात. सहलीत तुम्हीही ऐकले असेल. ते बरोबर नाही. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे. विजयदुर्गचा मान यामुळे कमी होत नाही, कारण तेथे खरोखर सूर्याचा अभ्यास झालेला आहे. वर्ष तेवढे बरोबर सांगावे.

खोडावे लागलेले उत्तर

सूर्यात लोह आहे, सोडियम आहे, हेलियम आहे हे कळले. परंतु कोणते द्रव्य किती? वर्णपटात लोहाच्या रेषा फार, म्हणून सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा, फक्त तापलेला, असे मोठमोठे शास्त्रज्ञ मानत.

१९२० मध्ये कलकत्त्यात मेघनाद साहा यांनी एक समीकरण मांडले. साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान किराणा दुकानदाराचे पुत्र. रेषा ठळक किंवा पुसट दिसणे हे द्रव्याच्या प्रमाणाइतकेच तापमानावरही अवलंबून असते, हे त्यांच्या समीकरणाने हिशेबात मांडता आले. सूर्याच्या तापमानाला हायड्रोजनच्या रेषा फार ठळक उमटत नाहीत. तेव्हा रेषा ठळक नाहीत म्हणून द्रव्यही कमी, असे म्हणता येत नाही.

हे समीकरण हाती घेऊन सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने हार्वर्डमध्ये ताऱ्यांचा हिशेब मांडला. त्या मूळच्या इंग्लंडच्या. केंब्रिजमध्ये त्यांनी शिक्षण पुरे केले, पण तेथे तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसत, म्हणून त्या अमेरिकेत आल्या होत्या. १९२५ च्या त्यांच्या प्रबंधात उत्तर निघाले की ताऱ्यांत हायड्रोजन इतर सर्व द्रव्यांपेक्षा प्रचंड प्रमाणात आहे आणि त्याखालोखाल हेलियम. त्या काळचे नामांकित खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी मसुदा वाचून हे अशक्य आहे असे कळवले. पेन यांचे वय पंचविशीचे, पुढचे सारे आयुष्य अशा मोठ्यांच्या मतावर अवलंबून. त्यांनी आकडे तसेच ठेवले, पण हे आकडे बहुधा खरे नसावेत अशा अर्थाचे वाक्य प्रबंधात घातले.

चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः दुसऱ्या मार्गाने त्याच उत्तरावर आले आणि पेन यांचे निष्कर्ष जुळतात हे त्यांनी मान्य केले. आज आपण जाणतो की सूर्याच्या वस्तुमानात सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन, सुमारे एक चतुर्थांश हेलियम आणि उरलेली सर्व द्रव्ये मिळून दोन टक्क्यांहूनही कमी आहेत.

ही हकीकत वाचली की मला माझ्या वर्गातली ती वही आठवते. बरोबर उत्तर आधी लिहिलेले होते. मोठ्यांनी नाही म्हटले म्हणून ते खोडले गेले.

'बटू' म्हणजे काय?

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर आहे, म्हणजे १०९ पृथ्व्या शेजारी शेजारी बसतील. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार पट. एवढ्या मोठ्याला बटू कसे म्हणायचे? कारण तुलना पृथ्वीशी नाही, काक्षी आणि ज्येष्ठा यांसारख्या अवाढव्य ताऱ्यांशी आहे. ते सूर्याच्या शेकडो पट रुंद आहेत.

बटू या नावात आणखी एक अर्थ दडलेला आहे. असा तारा आपल्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम करीत असतो आणि ताऱ्याच्या आयुष्यातील हाच सर्वांत दीर्घ व शांत काळ असतो. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. तेथे हायड्रोजनची अणुकेंद्रे एकत्र येऊन हेलियम होते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन वापरला जातो आणि त्यातील ४० लाख टनांहून अधिक वस्तुमानाचे रूपांतर ऊर्जेत होते. गुरुत्वाकर्षण सूर्याला आत ओढते आणि तप्त वायूचा दाब बाहेर ढकलतो. दोन्ही बाजूंचा जोर सारखा असलेल्या रस्सीखेचीसारखी ही स्थिती आहे. म्हणून सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षे टिकून आहे.

सूर्य 'सामान्य' तारा आहे का?

'सूर्य हा एक सामान्य तारा आहे' असे वाक्य आपण पाठ करतो. येथेही थोडे थांबून पाहावे. आपल्या आकाशगंगेतील सुमारे तीन चतुर्थांश तारे लहान तांबडे बटू आहेत. त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूर्यासारखे जी वर्गाचे बटू शंभरात सात-आठच निघतील. बहुसंख्य ताऱ्यांपेक्षा सूर्य मोठा आणि तेजस्वी आहे. तेव्हा 'सामान्य' याचा अर्थ 'सरासरी' असा घेऊ नये. सूर्य इतर ताऱ्यांच्याच नियमांनी चालतो, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या दृष्टीने त्याचा हा प्रकार सोयीचा आहे. सूर्याच्या कितीतरी पट वस्तुमानाचे निळे तारे आपले इंधन भराभर जाळून काही कोटी वर्षांतच संपतात. पृथ्वीवर सजीव किमान ३५० कोटी वर्षांपासून आहेत. त्यांना एवढा अवधी निळ्या ताऱ्याने दिला नसता. शिवाय सूर्याचे तेज अकरा वर्षांच्या डागांच्या चक्रात हजारात एका भागाइतकेच कमीजास्त होते.

मित्र

सूर्याच्याच प्रकारचा दुसरा तारा पाहायचा आहे? सूर्यनमस्कार घालताना आपण पहिले नाव घेतो ते 'मित्र'. आकाशातही मित्र नावाचा तारा आहे, आणि तो सुमारे ४.४ प्रकाशवर्षे दूर आहे. डोळ्यांना एक दिसतो, पण दुर्बिणीतून पाहिले की तेथे दोन तारे दिसतात. त्यांतला मोठा थेट सूर्यासारखा, जी २ व्ही! दुसरा त्याहून थोडा थंड, के वर्गाचा. त्यांच्याच कुटुंबात प्रॉक्झिमा नावाचा एक अंधुक तांबडा बटूही आहे. तो १९१५ मध्ये सापडला आणि सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच. असे ताऱ्यांचे तीन प्रकार एकाच घरात नांदतात.

बेळगावहून मित्र मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास दिसतो. दक्षिणेकडे तोंड करून हात लांब करा आणि मूठ क्षितिजावर ठेवा. मुठीच्या थोडे वर दोन ठळक तारे दिसतील. डावीकडचा, अधिक तेजस्वी, तो मित्र. तेथून कोणी आपल्याकडे पाहिले तर त्याला आपला सूर्य शर्मिष्ठा तारकासमूहात एक जादा तारा म्हणून दिसेल.

पुढे काय?

सूर्य आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे असाच राहील. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. नंतर बाहेरचे थर अवकाशात जातील आणि पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेत बटू मागे उरेल. सूर्याचा स्फोट होईल अशी भीती बाळगू नये. तेवढे वस्तुमान त्याच्यापाशी नाही.

सूर्याचा अभ्यास अजून चालूच आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले भारताचे आदित्य एल-१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झाली आहे.

पालकांना विनंती की मुलांनी पुस्तकाविरुद्ध एखादे निरीक्षण सांगितले तर त्यांना गप्प बसवू नये. कागद घेऊन त्यांच्याबरोबर उन्हात जावे. विश्वस्त मंडळालाही एक विनंती आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण एका रात्रीपुरती गच्चीची किल्ली मिळावी. मित्र पाहायला एवढे पुरेसे आहे.

करून पाहा

(सूर्याकडे थेट कधीही पाहू नये. दुर्बिणीतून तर मुळीच नाही.)

एका पुठ्ठ्याला टाचणीने बारीक भोक पाडा. त्यातून येणारे ऊन दोन मीटर अंतरावर सावलीत धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडा. कागदावर दिसणारे गोल वर्तुळ हे सूर्याचे चित्र आहे. त्याचा व्यास मोजा. तो सुमारे १८ ते १९ मिलिमीटर भरेल. या व्यासाला २,००० मिलिमीटरने भागा आणि १५ कोटी किलोमीटर या सूर्याच्या अंतराने गुणा. सूर्याचा व्यास तुमच्या वहीत येईल. ते वर्तुळ कोणत्या रंगाचे दिसले तेही लिहून ठेवा.

स्वाध्याय

१. सूर्याला 'पिवळा तारा' का म्हणतात? तो खरोखर कोणत्या रंगाचा आहे?
२. 'जी २ व्ही' यातील प्रत्येक चिन्हाचा अर्थ सांगा.
३. वर्णपटात एखाद्या द्रव्याच्या रेषा ठळक नसल्या म्हणजे ते द्रव्य कमीच असते का? कारण द्या.
४. निळ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर सजीवसृष्टी वाढणे कठीण का?
५. तुमच्या एखाद्या पाठ्यपुस्तकातील किंवा सहलीत ऐकलेले एक विधान स्वतः तपासून पाहा. काय आढळले ते दहा ओळींत लिहा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही, तेव्हा त्यावर मी लाल फुली मारणार नाही.